नाव सांगण्याची सक्ती कुणावर?

"हिंमत असेल तर स्वतःच्या नावाने लिही." कुणी टोपणनावाने, फोटोच्या जागी एखादं फूल लावून सोशल मीडियावर बोचरं काही लिहिलं की खाली हे वाक्य येतंच. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवर लिहा, सिडकोच्या घराचा ताबा रखडल्याबद्दल लिहा, सोसायटीच्या पुनर्विकासात कुणाचं किती ठरलंय यावर लिहा. मुद्द्याचं उत्तर मिळण्याआधी नाव विचारलं जातं. विचारणारा बहुतेक वेळा असा असतो, की स्वतःचं नाव सांगून त्याचं काहीच जात नाही. उलट त्या नावानेच त्याच्या बोलण्याला वजन येतं.

माझं म्हणणं असं आहे: ज्याच्या हातात पद, पैसा किंवा माणसं आहेत त्याने नावानिशी बोलावं, असा आग्रह जरूर धरावा. ज्याच्या हातात फक्त फोन आहे, त्याला नाव झाकून बोलू द्यावं. आणि 'सगळ्यांची खाती आधारला जोडून टाका' ही जी मागणी अधूनमधून डोकं वर काढते, तिला ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाने तरी मान डोलावू नये. कारण नावानिशी लिहिण्याची किंमत काय पडते, हे आपण आपल्याच परिसरात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा २०१४ मध्ये झाला. तिथल्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या ओळींत शिवी नव्हती, धमकी नव्हती. पुढे पोलिसांना ते प्रकरण बंद करावं लागलं, आणि त्या अटकेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं कलमच रद्द केलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी हा मोठा निकाल. पण दवाखाना फुटला तो फुटलाच.

एप्रिल २०२०, लॉकडाउनचे सुरुवातीचे दिवस. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका अभियंत्याने तेव्हाच्या एका मंत्र्याबद्दल फेसबुकवर पोस्ट टाकली. आपल्याला घरून मंत्र्याच्या बंगल्यावर नेऊन मारहाण केली, अशी तक्रार त्याने पोलिसांत केली. त्या प्रकरणात २०२१ मध्ये मंत्र्याला अटक झाली आणि लगेच जामीनही मिळाला. आरोपांचं खरंखोटं न्यायालय ठरवेल, आणि ती पोस्ट सभ्य होती असंही मी म्हणत नाही. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीचा, दुसऱ्याच कुणाच्या नावाखाली असलेला मजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल एका मराठी अभिनेत्रीला ठाणे पोलिसांनी अटक केली. ती सुटली तेव्हा महिन्याहून जास्त काळ तुरुंगात गेला होता. पहिल्या घटनेत दुखावलेला पक्ष एक होता, नंतरच्या दोन्हींत दुसरा, त्यामुळे हा कुणा एका पक्षाचा स्वभाव म्हणून झटकता येणार नाही. तिन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याचं खरं नाव समोर होतं आणि नावावरून घर शोधायला वेळ लागला नाही.

या घटना निदान वर्तमानपत्रांत आल्या. जे कुठेच येत नाही, ते याहून कितीतरी जास्त आहे. ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांत रुजू होताना सोशल मीडियावर काय लिहायचं आणि काय नाही, याच्या कागदावर सही करावी लागते. तळोज्याच्या एमआयडीसीत कंत्राटी काम करणाऱ्याला तर कागदही लागत नाही. मुकादमाने उद्यापासून येऊ नकोस म्हटलं की झालं. भाड्याने राहणाऱ्याने सोसायटीच्या पाण्याबद्दल उघड लिहिलं तर अकरा महिन्यांनी करार पुढे सरकेल की नाही, याची त्याला धास्ती असते. पुनर्विकासात बिल्डरच्या करारावर शंका काढणाऱ्याला तर 'तुमच्यामुळे सगळ्यांचं घर अडलंय' हे लिफ्टमध्ये, जिन्यात, देवळात ऐकावं लागतं.

सरकारी नोकरांचं आणखी निराळं आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये शासन निर्णय काढून कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर टीका करण्यास मनाई केली, आणि मोडल्यास शिस्तभंगाची कारवाई सांगितली. नोकराने गोपनीय कागद बाहेर टाकू नयेत, हे कुणालाही पटेल. पण ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले, ते आठवून पाहा. खाटा किती होत्या, रात्रपाळीला माणसं किती होती, बाहेरून पाठवलेले अत्यवस्थ रुग्ण किती, यावर सगळ्यांत नेमकं कोण बोलू शकलं असतं? आमदार नाही, वाहिनीचा निवेदकही नाही. तिथली परिचारिका, तिथला वॉर्डबॉय, तिथला निवासी डॉक्टर. त्यांनी नाव लिहून बोलायचं ठरवलं तर नोकरी पणाला लावायची, आणि नाव न लिहिता बोललं तर त्यांना भेकड म्हणायचं. मग ती माहिती आपल्यापर्यंत पोचणार कशी?

यावर एक उत्तर तयार असतं: रीतसर तक्रार करा ना, सोशल मीडिया कशाला हवा? रीतसर म्हणजे नाव-पत्ता लिहून. निनावी अर्जांवर कार्यवाही करू नये, अशा सूचना केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्येच दिल्या आहेत. खोट्या तक्रारींनी प्रामाणिक अधिकाऱ्यांना छळलं जातं, हे त्यामागचं कारण आहे, आणि ते खोटं नाही. पण नाव देणाऱ्याचं काय होतं? सत्येंद्र दुबे हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातला तरुण अभियंता. बिहारमधल्या महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. नाव फुटलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा गोळ्या घालून खून झाला. आपल्या महाराष्ट्रात तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमीन व्यवहारांची माहिती काढत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला बाहेर पडलेले असताना त्यांना मारलं गेलं. दुबेंच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, २०१४ मध्ये, अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. तो अजून लागू केलेला नाही. शिवाय त्या कायद्यातही नाव न देणाऱ्याच्या तक्रारीची दखल घेऊ नये, असंच लिहिलं आहे. नाव दिल्यास संरक्षण नाही आणि न दिल्यास दखल नाही. या दोन बंद दारांमधून जो माणूस उरतो, तो टोपणनावाचं खातं उघडतो. त्याला भित्रा म्हणण्याआधी आपण त्याला तिसरं कोणतं दार दाखवलं होतं?

आता उलट बाजू. ती मी हलकी मानत नाही. चेहरा झाकलेली माणसं स्त्रियांना काय काय लिहितात हे ज्या मुलींनी वाचलंय, त्यांना निनावीपणाचं कौतुक सांगायला जाणं निर्दयपणाचं ठरेल. शाळकरी मुलीच्या फोटोवरून उघडलेलं खोटं खातं, कुणाचंही तोंड कुणाच्याही शरीराला चिकटवलेला फोटो, सूड म्हणून पसरवलेला मोबाइल नंबर. एका पोस्टने उद्ध्वस्त झालेल्या घरांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याची व्याख्या ऐकवून उपयोग नसतो.

पण या छळाला उत्तर म्हणून सर्वांना नावाची सक्ती करायची, तर ती उपयोगी पडेल का, हे तपासायला हवं. निनावी धमकी ही आपल्या कायद्याला नवी गोष्ट नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ५०७ नाव लपवून दिलेल्या धमकीला मूळ शिक्षेच्या वर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५१ मध्ये आलं आहे. दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर आणि तोतयेगिरी यांना माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ क आणि ६६ ड ही कलमं आहेत. राहिला प्रश्न सापडण्याचा. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाला लावल्याचं दाखवणारं एक ॲप उघडकीस आलं. खोट्या नावांची खाती वापरली गेली होती. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने आठवडा उलटायच्या आत बंगळुरू आणि उत्तराखंडातून तरुणांना पकडलं, आणि ॲप बनवणारा दिल्ली पोलिसांना आसाममध्ये सापडला. मनावर घेतलं तर खोटं नाव किती दिवस टिकतं, ते यातून दिसलं. ठाण्यातली किंवा कोपरखैरण्यातली एखादी मुलगी तक्रार घेऊन जाते तेव्हा तिला 'खातं बंद करून टाक ना' असा सल्ला मिळतो, ही खरी अडचण आहे. तिचं निवारण पोलीस ठाण्यात व्हायचं आहे.

नाव झाकलं तरी सरकारपासून ते तसंही फारसं झाकलेलं नसतं. सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही, खातं बहुतेकदा फोन नंबरवर उघडतं, प्रत्येक वेळी लॉगइन करताना इंटरनेटचा पत्ता नोंदला जातो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, इंटरनेटचा पत्ता झाकणारी व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावं पाच वर्षं जपून ठेवायची आहेत. म्हणजे तपास यंत्रणेला हवं असेल, तर बहुतेक वेळा माग काढता येतो. मग नाव उघड करण्याच्या सक्तीने नव्याने कुणाला कळणार? सेक्रेटरीला, कंत्राटदाराला, साहेबांना, नगरसेवकाच्या पोरांना. ज्यांच्यापासून लपायचं होतं नेमक्या त्यांनाच.

दक्षिण कोरियाने हा प्रयोग करून पाहिला आहे. २००७ पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यासाठी खरी ओळख पटवणं बंधनकारक झालं. २०११ मध्ये हॅकरांनी तिथल्या एका कंपनीकडून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती पळवली. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती एकमताने रद्द केली. आपल्याकडे खाती आधारला जोडण्याच्या याचिका मद्रास उच्च न्यायालयात आल्या आणि २०१९ मध्ये फेसबुकने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या माध्यमांनी ओळख पडताळणीची सोय द्यावी, पण ती ऐच्छिक असावी, असं म्हटलं आहे. ते तसंच राहू द्यावं. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं, त्याच्याशी हेच सुसंगत आहे.

आणि मराठी माणसाला टोपणनावाचं वावडं असायचं कारण नाही. १८४८ मध्ये भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या सहीने पत्रं येऊ लागली. धर्म, जात, स्त्रियांची दशा, पुण्याच्या विद्वानांचा आळस, कशालाही त्यांनी सोडलं नाही. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीतले सरकारी नोकर होते. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर पत्रं आली. ती रखमाबाईंची. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याने, दादाजींनी, त्यांना नांदायला आणण्यासाठी केलेला दावा मुंबईत चालू होता. सगळं शहर त्यांच्या घरातल्या गोष्टी चघळत होतं. त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं असतं, तर वाचणाऱ्यांनी बालविवाहाबद्दल वाचलंच नसतं, दादाजींच्या बायकोबद्दल वाचलं असतं. आज दिवाळे किंवा घणसोली गावठाणातल्या एखाद्या सुनेने हळदीच्या खर्चावर, डीजेवर लिहिलं, तर तेच होणार. कुणाची सून, कोणत्या आळीतली, यातच चर्चा संपेल. नाव झाकलं तर निदान हळदीच्या खर्चाबद्दल बोलावं लागतं.

मात्र त्या काळात आणि आजमध्ये एक मोठा फरक आहे, आणि निनावी लिहिण्याची बाजू घेणारे तो फार पटकन विसरतात. तेव्हा टोपणनावाच्या मागे संपादक असे. त्याला लेखक ठाऊक असे, तो मजकूर वाचून घेई, आणि १८६७ च्या कायद्याने मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापावंच लागे. १८९७ मध्ये 'केसरी'त 'भवानी तलवार' अशा सहीने आलेल्या कवितेबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कवीचं नाव झाकलेलं असलं तरी जबाब देणारा माणूस हजर होता. आज तो मधला माणूस गेला आहे. कंपनी परदेशात, मजकूर तपासायला माणसाऐवजी यंत्र, तक्रार कुठे पोचते याचा पत्ता नाही. म्हणून संपादकाचं काम निनावी लिहिणाऱ्याने स्वतःच करायला हवं, आणि त्यात मी एका बाबतीत कठोर आहे. महापालिकेवर, कंत्राटावर, रुग्णालयावर, सोसायटीच्या हिशोबावर झाकल्या नावाने खुशाल लिहा, कागद आणि फोटो जोडून लिहा. पण ज्याच्याकडे कसलंही पद नाही अशा माणसाचं नाव घ्यायचं असेल, त्याच्या चारित्र्यावर, घरावर, मुलीबाळींवर बोट दाखवायचं असेल, तर स्वतःचं नाव आधी लिहा. ती तयारी नसेल तर तो मजकूर टाकू नका. तो माणूस तुमच्यापेक्षा बलवान नाही. त्याच्यापासून लपण्याची गरज नसते. त्याला गाठण्यासाठी मात्र लपणं सोयीचं पडतं.

नावाची सक्ती जिथे खरोखर हवी, ती जागा वेगळीच आहे. निवडणूक जवळ आली की शहराच्या नावाने, गावाच्या अभिमानाने सजवलेली पानं उगवतात. रोज चकचकीत व्हिडिओ, एकाच माणसाची स्तुती, एकाच माणसाची बदनामी, आणि मागे कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही. हे व्हिडिओ फुकट बनत नाहीत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी फेसबुकने राजकीय जाहिरातींवर पैसे देणाऱ्याचं नाव दाखवायला सुरुवात केली, पण जाहिरात म्हणून न दाखवता पगारी माणसांकडून चालवलेलं पान त्यातून निसटतं. पैसे देऊन मतं घडवणाऱ्याला निनावी राहण्याचा कसलाही हक्क मी मानत नाही. त्याला कुणाची भीती नसते, उलट त्याच्यामुळे इतरांना असते. आश्चर्य म्हणजे या पानांखाली 'हिंमत असेल तर नाव सांग' असं विचारणारे फार कमी सापडतात.

ज्यांना खरंच भीती आहे आणि तरी लिहायचं आहे, त्यांना दोन व्यावहारिक गोष्टी सांगाव्याशा वाटतात. निनावी माणूस बहुधा पोलिसांमुळे उघडा पडत नाही, स्वतःच्याच तपशिलांनी पडतो. खिडकीतून दिसणारा येऊरचा डोंगर आणि समोरचा टॉवर कोणत्या कोनात आहे, यावरून विंग आणि मजला ओळखणारे लोक असतात. 'काल आमच्या मीटिंगमध्ये' असं लिहिलं की त्या मीटिंगमधली माणसं मोजली जातात. नेहमीच्याच नंबरवरून खातं उघडलं आणि फोनमधले संपर्क ॲपला दिले, तर ओळखीच्यांना ते खातं सुचवलं जाऊ शकतं. फोटोत ठिकाण नोंदलेलं असू शकतं. ते काढून टाका. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवरून तर असलं काही लिहूच नका.

बाकी काम यंत्रणांचं. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीच्या आक्षेपार्ह मजकुराची तक्रार नाव न देता करता येते. म्हणजे नाव नसलेली तक्रार सरकारलाही चालते, तिची पडताळणी करता येते. मग ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी तीच सोय शाळेच्या गळक्या छपरासाठी, बंद पडलेल्या डायलिसिस यंत्रासाठी, कंत्राटदाराने कागदावरच केलेल्या नालेसफाईसाठी द्यायला काय हरकत आहे? कुणी तक्रार केली, हे कळल्यावाचून नाला बघून येता येतं. फोटो जोडलेला असावा, ठिकाण दिलेलं असावं, आणि पाहणीत काय आढळलं ते ठरलेल्या मुदतीत जाहीर व्हावं. व्यक्तीविरुद्धच्या आरोपांना नाव मागा, कामाविरुद्धच्या तक्रारीला मागू नका. एवढं या दोन महापालिकांनी ठरवलं, तर कितीतरी परिचारिकांना, शिक्षकांना, सफाई कामगारांना खोट्या नावाचं खातं उघडण्याची गरजच पडणार नाही.